साहेबांपुढचा ग्लास

परवा इथं नवनगरात, मी राहतो तिथं, नळाच्या पाण्याला रसायनाचा उग्र वास आला आणि अळणावरजवळच्या आमच्या गावातली बऱ्याच वर्षांपूर्वीची ती सभा आठवली. कारखान्याच्या सांडपाण्यानं तळं नासलं होतं. ते पाणी पिऊन आमच्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, म्हशी मेल्या होत्या.

"पाणी शुद्ध आहे," कारखान्याचे साहेब म्हणाले.

प्राणिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या अक्कानं दोन ग्लासांत विहिरीचं आणि तळ्याचं पाणी घेतलं आणि दोन्हींत पाणपिसवा सोडल्या, टाचणीच्या डोक्याएवढे पाण्यातले जीव. विहिरीच्या पाण्यातल्या उड्या मारत राहिल्या. तळ्याच्या पाण्यातल्या बघताबघता तळाशी निपचित पडल्या.

अक्कानं तोच ग्लास साहेबांपुढे धरला. "शुद्ध हाय न्हवं? मग प्या की!"

साहेब पांढरेफटक पडले. पुढे सांडपाणी बंद झालं.

सभेत अक्कानं न पाजताच ग्लास खाली ठेवला, तेव्हा मला ती थोर वाटली होती. आज नळाच्या त्या वासानं वाटतं, साहेबांना तो पाजायलाच हवा होता.