तांडेल यांच्या गाडीला महिन्याला किती लागतं

दिघे साहेबांनी व्हाउचर माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "कर्णिक बाई, हा माणूस गाडी चालवतो की गाडीवर धंदा करतो, तेवढं मला शोधून द्या."

व्हाउचर तांडेल यांचं होतं. तांडेल आमचे सेल्स इंजिनिअर. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे. गाडी त्यांची स्वतःची, आणि कंपनीच्या कामाला फिरवल्याबद्दल कंपनी त्यांना किलोमीटरमागे ठरावीक भत्ता द्यायची. पेट्रोलचा भाव नुकताच भडकला होता. तांडेल यांनी व्हाउचरच्या खालीच लिहिलं होतं, 'रेट वाढवून मिळावा.'

"आजही आपण देतो त्यातून पेट्रोल भागून वर उरतं," दिघे म्हणाले. "मी हिशेब केलाय. तरी यांना वाढवून हवंय. एरिया मॅनेजरची जागा भरायची आहे, तांडेलचं नाव वर गेलंय. भत्त्यातून पैसे काढणारा माणूस मी त्या खुर्चीत बसू देणार नाही."

दिघे आमचे फायनान्स मॅनेजर. माणूस सरळ, पण शंका आली की ती सोडायचे नाहीत. मी भांडुपच्या त्या पंपांच्या कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट होते. साधा अकाउंटंट किती पैसे गेले ते लिहितो. कॉस्ट अकाउंटंट ते कशापायी गेले ते विचारत बसतो. एका पंपाला किती लोखंड, किती वीज, किती मजुरी, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. गाडीतलं मात्र मला काही कळत नव्हतं. आमच्या घरात कुणी सायकलच्या वर गेलेलं नव्हतं.

म्हणून मी आधी तांडेल यांच्याकडे गेले. ते स्टोअरमधून एक पंप उचलून गाडीच्या मागे ठेवत होते.

"माझ्यावर संशय आहे ना?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"मला गाडीचा महिन्याचा खर्च काढायला सांगितलाय."

"म्हणजे तेच." त्यांनी डिकी आपटली. मग जरा थांबून म्हणाले, "बसा मग. मालाडला चाललोय. बसल्याशिवाय काय कळणार तुम्हाला?"

आम्ही पवईच्या रस्त्याने निघालो. मी विचारत होते, ते सांगत होते. पेट्रोल किती खाते? ऑइल कधी बदलता? टायर किती टिकतात? टायर झिजले की ते नवे घेत नसत, जुन्यावरच नवं रबर चढवून घेत. साकीनाक्याच्या चढावर लॉऱ्यांच्या मागे गाडी तासन्‌तास हाफ क्लचवर धरावी लागे, त्यात क्लच प्लेट जळे. इंजिनकाम एकदा झालं होतं, दुसरं जवळ आलं होतं.

"हे सगळं तुम्ही भत्ता मागताना धरलंत का?" मी विचारलं.

"हे कसं धरणार? हे काय रोज होतं थोडंच? पेट्रोल रोज लागतं. ते वाढलं म्हणून वाढवून मागितलं."

मला गंमत वाटली. भत्ता देणारे दिघे आणि घेणारे तांडेल, दोघंही फक्त पेट्रोलच मोजत होते. भांडण एवढंच, की पेट्रोलवर उरतं ते नफा आहे की नाही.

खर्च दोन जातीचे असतात. गाडी जितकी पळेल तितके वाढणारे, जसं पेट्रोल, टायर, क्लच. आणि गाडी गॅरेजमध्ये झोपली तरी लागणारे, जसा टॅक्स, इन्शुरन्स. याशिवाय दोन असे असतात, जे हातातून जाताना दिसतच नाहीत. एक म्हणजे गाडीत अडकलेल्या पैशाचं व्याज. तेच पैसे बँकेत असते तर व्याज आलं असतं.

"जे मिळालंच नाही, ते खर्च कसं?" तांडेल हसले.

"नाही मिळालं म्हणूनच."

त्यांना ते पटलं नाही. दिघ्यांनाही पटणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

दुसरा न दिसणारा खर्च म्हणजे घसारा, डेप्रिसिएशन. वस्तू वापरून जुनी होते, तिची किंमत उतरते. ती उतरण म्हणजे खर्चच. पुस्तकातल्या पद्धतीने मी घसारा धरला आणि दुसऱ्या दिवशी कच्चा हिशेब दिघ्यांना दाखवला. त्यांनी त्याच ओळीवर पेन्सिल टेकवली.

"बाई, तुम्ही कुठल्या देशात राहता? इथे गाडीला नंबर लावला की पाच-सात वर्षं वाट बघावी लागते. जुनी गाडी नव्याच्या भावात जाते. तांडेलनं स्वतः एका पारशी डॉक्टरांची वापरलेली गाडी नव्याच्या भावात घेतलीय. चार वर्षांनी विकेल तर तेवढेच येतील. मग घसारा कसला?"

ते खरं होतं. जी वस्तू वापरूनही स्वस्त होत नाही, तिला घसारा लावायचा कसा? परीक्षेत हा प्रश्न कधी आला नव्हता. घसारा वगळला, की किलोमीटरमागचा खर्च भत्त्याच्या खाली येत होता. म्हणजे तांडेल यांचं नाव बाद.

दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मग वाटलं, गाडीची आजची किंमत पुस्तकालाही माहीत नाही आणि दिघ्यांनाही नाही. ज्याला माहीत असेल त्यालाच विचारावं. घाटकोपरला जयंतीभाई नावाचे जुन्या गाड्यांचे दलाल होते. मी तांडेल यांना म्हटलं, "गाडी विकायची आहे असं सांगा."

"विकायची नाहीये."

"ठाऊक आहे. भाव तर कळू दे."

जयंतीभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "साहेब, दोन वर्षांपूर्वी आणली असती तर मी पेढे वाटून घेतली असती. आता पेट्रोल भडकलं. जो तो गाडी काढायला बघतो. नंबर लावलेले लोक नंबर सोडतात." त्यांनी मागचा भाग दाबून पाहिला. "स्प्रिंगचे पाटे बसलेत. काय भरता मागे?"

"पंप," तांडेल म्हणाले.

मग जयंतीभाई खाली वाकले, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागच्या दाराखालच्या पत्र्यावर टेकवला. जोर लावायची गरजच पडली नाही. स्क्रू-ड्रायव्हर पापडात जावा तसा आत गेला.

"खालून गंजून गेली आहे गाडी," ते म्हणाले, आणि एक भाव सांगितला.

तांडेल यांचा चेहरा उतरला. परत येताना विक्रोळीच्या अलीकडे मी विचारलं, "तुम्ही राहता तिथली, वर्सोव्याची खारी हवा, नाही का?"

"हवा नाही," ते म्हणाले. "पाट्या."

"कसल्या पाट्या?"

"मासळीच्या. सकाळी ऑफिसला यायच्या आधी आईला अंधेरीच्या बाजारात सोडतो. मागे पाट्या असतात. बर्फाचं पाणी गळतं." मग पुढे बघतच म्हणाले, "ऑफिसात कुणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका."

मला ते माहीत करून घेणं भाग होतं. गाडी ऑफिससाठी किती पळते आणि घरासाठी किती, याची वाटणी केल्याशिवाय हिशेब खरा झाला नसता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. आठवड्याच्या शेवटी मी वर्सोव्याला गेले.

त्यांची आई दारातच बसली होती. ठसठशीत बाई. लुगडं घट्ट, आवाज खणखणीत. तांडेल यांनी ओळख करून दिली, "आमच्या ऑफिसातल्या कर्णिक बाई. गाडीचा हिशेब करतात."

"गाडीचा कसला हिशेब?" ती म्हणाली. "ये गो पोरी, बस. कोन तू? कायस्थ? मग मासली खाशील."

पाट्या गाडीत चढताना मी पाहिल्या. खाली गोणपाट घातलेलं होतं, पण पाणी त्यातून जाणारच. मी तिला विचारलं, टॅक्सीने का नाही जात?

"टॅक्सीवाला पाटी बघतो नि मीटर पाडतच नाय. बसचा कंडक्टर म्हनतो, पानी गलतंय, उतर. गलनारच की. मासली हाय ती." तिने मुलाच्या पाठीकडे बोट केलं. "हा इंजिनेर झाला. मला बोलला, आई, आता तुला कोन उतर बोलनार नाय."

तांडेल मागचं दार लावत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी अंधेरीपर्यंत त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर पाट्यांशेजारी बसून गेले. साडीचा वास दुसऱ्या दिवशीही गेला नाही.

आता माझ्यासमोर नवाच प्रश्न होता. गाडीची किंमत उतरली ती तीन कारणांनी. बाजार पडला. पंपांच्या वजनाने पाटे बसले. मासळीच्या पाण्याने तळ गंजला. यातलं कंपनीचं काय आणि घरचं काय? पाटे कंपनीचे, यात मला शंका नव्हती. हे पंप तांडेल यांनी नेले नसते तर आम्हाला टेम्पो करावा लागला असता. बाजार पडल्याचा तोटा वापराप्रमाणे दोन्हीकडे वाटता येत होता. राहिला गंज. लिहायला मला एकच शब्द लागला असता, 'घसारा', आणि आत काय आहे ते कुणी पाहिलं नसतं.

हा गंज धरायचा की वगळायचा, हे मी तांडेल यांनाच विचारलं. खरं तर विचारायची पद्धत नव्हती.

"तो काढा," ते लगेच म्हणाले. "ते माझ्या घरचं आहे."

"त्याने तुमचा आकडा खाली येईल. कदाचित दिघे साहेब म्हणतात तिथेच येईल."

"येऊ दे. पंप मी कंपनीसाठी नेतो, पाट्या माझ्यासाठी. काढा तो."

काढला. सगळी बेरीज पुन्हा केली. तरीही किलोमीटरमागचा खर्च भत्त्याच्या वरच राहिला. एकूण खर्चात पेट्रोल निम्म्याहूनही कमी होतं. मी तीन वेळा तपासलं, कारण मला उत्तर आवडलं होतं, आणि आवडलेलं उत्तर जास्त तपासावं लागतं.

दिघे साहेबांनी कागद हातात घेतला आणि ओळीओळीने भांडले.

"व्याज? गाडी घेतली ती त्याची हौस. त्याचं व्याज कंपनीनं का द्यायचं?"

"मग कंपनीनं गाडी घ्यावी. तेव्हाही ते व्याज कंपनीच देईल. शिवाय ड्रायव्हरचा पगार."

ते पुढच्या ओळीवर गेले. "पाटे?"

"आपले पंप, साहेब. टेम्पोचं भाडं वाचलं ते मी तांडेल यांच्या बाजूने धरलेलंही नाही."

"ते धरूही नका." ते घसाऱ्यावर आले. मी जयंतीभाईंचा भाव सांगितला. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि भुवया वर गेल्या. "दलालाचा भाव एवढा कमी आहे तर तुमचा घसारा याहून जास्त यायला हवा. इथे तुम्ही चुकलात."

"चुकले नाही. गाडीचा तळ गंजलाय, घरच्या वापरानं. तो भाग कंपनीच्या वाटणीत धरलेला नाही."

"हे तुम्ही शोधलंत?"

"गंज दलालानं शोधला. वगळा म्हणून तांडेल म्हणाले."

"आकडा कमी होतोय हे माहीत असून?"

"हो."

कसला घरचा वापर, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "आपण इतकी वर्षं या माणसाच्या गाडीवर फुकट बसत होतो म्हणा की."

"पूर्ण फुकट नाही."

"पूर्ण नाही," त्यांनी मान्य केलं, आणि फोन उचलून एरिया मॅनेजरच्या जागेची फाइल मागवली.

जागा तांडेल यांना मिळाली. भत्त्याचा रेटही वाढला. मी सुचवला होता तेवढा नाही. व्याजाची ओळ दिघ्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. त्यांच्यातला फायनान्स मॅनेजर तेवढा शाबूत राहिला.

मी तांडेल यांना वाढलेला रेट सांगायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि घरच्या वाटणीला किती आले? गंज धरून?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो स्वतःशी एकदा पुटपुटला. त्या काळी एखाद्या क्लार्कचं घर त्यात चाललं असतं.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

मला वाटलं होतं, ते गाडी विकतील. मी तरी विकली असती. त्यांनी आमच्या शीटमेटल सेक्शनच्या फोरमनला गाठलं, पैसे भरून कडेने उंच असा जस्ताच्या पत्र्याचा ट्रे करून घेतला आणि गाडीच्या मागच्या भागात बसवला. तळाला वेल्डिंग मारून घेतलं. पुढे कित्येक वर्षं ती गाडी पवईच्या रस्त्यावर मला दिसायची.

वर्षभरात ऑफिसातल्या आणखी तिघांनी मला त्यांच्या गाडीचा हिशेब करून द्यायला सांगितलं. आकडा ऐकून एकानं गाडी काढून टाकली. एकानं नव्या गाडीसाठी लावलेला नंबर परत घेतला. तिसरा म्हणाला, हे माझ्या बायकोला सांगू नका. हिशेब तिघांनाही एकाच पद्धतीने करून दिला होता. गाडीला किती लागतं, ते काढता येतं. परवडतं का, हे मला कधीच काढता आलं नाही, आणि कुणी विचारलं तर मी ते सांगायच्या फंदात पडत नाही.