भाकरीवर ठेवलेला हात

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. टेंभुर्णीच्या गोदामातली ती घटना मात्र अजून जात नाही. तिथल्या रखवालदाराचा डोक्यात घाव घालून खून झाला होता. आदल्या संध्याकाळी कुंभारीच्या एका टेम्पोचालकाचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं, तेही भर रस्त्यात. आम्ही त्याला उचललं.

चौकशीत तो एकच सांगत राहिला, "भांडलो व्हय सायेब. पर मारलं न्हाय." असं सगळेच सांगतात. पण रखवालदाराचा गायब झालेला मोबाइल कुठं आहे, हे त्याला सांगता येईना. खोटं बोलणारा काहीतरी रचून सांगतो, हा नुसता रडायचा. ते मला खटकत होतं. पोलीस कोठडी संपली आणि तो सोलापूरच्या तुरुंगात गेला. भांडणाचे साक्षीदार पक्के होते. दोषारोपपत्र दाखल झालं असतं, तर त्याचं सुटणं कठीण होतं.

त्याच तुरुंगात न्यायवैद्यक मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका संशोधनासाठी यायच्या. गुन्हा करताना माणसाच्या मनात काय चालतं, हा त्यांचा विषय. आमच्या खात्यात त्यांना 'चोरांची मावशी' म्हणायचे, मीही हसायचो. बाईंची पद्धत न्यारी होती. टेबल-खुर्ची नको, सतरंजी टाकून कैद्यांच्या पंगतीला बसायचं आणि त्यांच्यातलंच जेवायचं. आमच्यापुढं तोंड न उघडणारा त्यांच्याजवळ घडाघडा बोलायचा. अर्धी नोकरी त्यांनी त्या सतरंजीवर काढली होती.

एके दिवशी त्या आमच्या ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदारानं मागवलेला चहा तसाच राहिला. म्हणाल्या, "तो मोबाइल गोदामामागच्या पडक्या विहिरीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका."

"मग आम्हाला तरी का सांगताय, मॅडम?"

"टेम्पोवाल्याची बायको भेटीच्या दिवशी लेकरू घेऊन दारात उभी असते. तिच्या समोरून मला आत जाता येत नाही."

पंचांसमक्ष विहिरीतून गाठोडं निघालं. मोबाइल आणि टॉमीची लोखंडी कांब, जवळच्या धाब्याच्या ॲप्रनमध्ये बांधलेली. त्या धाब्यावरचा एक आचारी एका वेगळ्याच चोरीच्या गुन्ह्यात आधीच तुरुंगात होता. न्यायालयाच्या परवानगीनं त्याचा ताबा घेतला. ॲप्रन पुढं ठेवल्यावर तो फार वेळ टिकला नाही. चोरी करताना रखवालदार आडवा आला, म्हणून घाव घातला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बाईनं सांगितलं न्हवं? त्या टेम्पोवाल्याचं रडणं बघवंना म्हून बोललो. आदी तिचा हात भाकरीवर ठिवून घेतला व्हता, ह्यातलं भाईर जाणार न्हाय म्हून."

मी जबाबाचा कागद पुढं ओढला. त्याला काय समजायचं ते समजलं.

टेम्पोचालक सुटला. आमच्या तपासाचं वरिष्ठांनी कौतुक केलं. बाईंचा उल्लेख 'गुप्त बातमीदार' एवढाच झाला, तोही त्यांना जपण्यासाठी. पण तुरुंगात बातमी बराकीबराकीत पोचली होती. पुढच्या खेपेला बाईंनी सतरंजी अंथरली, तर कुणी येऊन बसलं नाही. त्यानंतरही नाही. संशोधन तिथंच थांबलं. निवृत्तीपर्यंत त्या वर्गात पुस्तकातलं शिकवत राहिल्या.

बातमीदाराला जपावं, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. जीव जपता येतो. शब्द गेलेल्या माणसाला कसं जपायचं, ते मला कुणी शिकवलं नाही आणि आजही ठाऊक नाही. एक निरपराध माणूस सुटला याचा आनंद आहेच, पण तो आनंद मला कधी निर्भेळ वाटला नाही.

मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो होतो. ती सतरंजी आता दिवाणावर असते. न राहवून विचारलं, "मॅडम, पुन्हा तशीच वेळ आली तर सांगाल?"

"सांगेन की. पण भाकरीवर हात ठेवणार नाही."

मग सतरंजीची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाल्या, "आणि हात ठेवला नसता, तर त्यानं मला सांगितलंच नसतं."