महिपत भावजींचा तपकिरी शर्ट

माझे दीर महिपत भावजी चाळिशीला आले तरी त्यांच्या अंगात एकच तपकिरी शर्ट असायचा. तो धुतला की वाळेपर्यंत दोरीखाली उघडेच बसायचे. दुसरा कुठलाही शर्ट त्यांना टोचायचा. डॉक्टरांकडे याला काही नाव असेल. सत्याण्णव साली आमच्या सापगावात नव्हतं.

माझ्या आदेशचं लग्न ठरलं आणि माझं डोकं फिरलं. नवरदेवाचा सख्खा काका या विटक्या शर्टात मिरवणार? मी शहापूरहून चकचकीत शर्ट आणला. भावजी अंघोळीला गेले तेवढ्यात खुंटीवरचा तपकिरी शर्ट भांडीवालीला देऊन टाकला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई. तिनं नाक मुरडून एक चमचा दिला.

भावजींनी रिकामी खुंटी बघितली, मी पुढे केलेला नवा शर्ट घातला, मान खाजवली आणि बाहेर पडले. मी खूश!

घटकाभरानं परत आले ते तपकिरी शर्टात. हातात स्टीलचं भलंमोठं पातेलं. भांडीवालीला खालच्या आळीत गाठून त्यांनी नवा शर्ट तिच्या गाठोड्यात टाकला होता.

"अहो, कोराकरकरीत होता तो!" मी किंचाळले.

"टोचत होता," म्हणाले आणि पातेलं चुलीपाशी ठेवलं.

सासूबाईंनी पातेलं टिचकी मारून वाजवून बघितलं.

"त्याला आणखी एक नवा शर्ट आण गो," त्या म्हणाल्या. "याला झाकण नाय."