बटण नसलेला शर्ट

सरकारी खुर्चीतल्या माणसाने ‘मला ठाऊक नाही’ म्हणावं, आणि तेही इतक्या निवांतपणे, हे मी पहिल्यांदा अक्कांच्या तोंडून ऐकलं. बंगळुरूत हरवलेली, पळून आलेली, कामाला जुंपलेली मुलं पोलीस ज्या समितीपुढे आणतात, तशा एका समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. मूल कुठे राहणार हे त्यांनी ठरवायचं. मूल विचारी, “मला घरी कधी सोडणार?” अक्का म्हणत, “गोत्तिल्ला. ठाऊक नाही रे राजा. बघूया.” शेजारचे सदस्य छताकडे बघत. मी मनात म्हणे, ठाऊक नाही तर खुर्चीत कशाला बसलात बाई?

मी तिथे दुभाषी होते. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत येऊन पडले होते. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण बंगालमध्ये गेलेलं. त्या बंगालीच्या भांडवलावर मला बोलावलं होतं. अक्काही मराठीच, पण त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. त्यांचं वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं, मला कळत नसे. “पुणेकरीण, स्वल्प इकडे ये की,” असं त्या म्हणाल्या की ही आज्ञा आहे का लाड, याचाही उलगडा होत नसे.

मुलांसमोर पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, असा नियम आहे. पण पोलीस येत ते ड्यूटीवरून थेट, खाकीतच. अक्कांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. दाराबाहेरच्या खिळ्यावर त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचा चौकड्यांचा शर्ट टांगून ठेवला होता. खाकीवर तो चढवायचा, मगच आत यायचं. यजमान अंगाने किरकोळ असावेत, कारण त्या शर्टात शिरलेला प्रत्येक हवालदार श्वास रोखून उभा असे. “आमच्या ह्यांना जन्मभर पोलिसांची भीती,” अक्का सांगत. “आता बघ, रोज एक पोलीस त्यांच्या शर्टात!” आणि स्वतःच खो खो हसत. इतक्या गंभीर जागी इतकं हसावं का, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एकदा नूर नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी आली. होसकोटेच्या बाजूला भंगार वेचणाऱ्यांच्या झोपड्या होत्या, तिथे ती एकटी सापडली होती. म्यानमारमधून पळालेली, मधे बांगलादेशच्या छावणीत राहिलेली माणसं होती ती. तिची भाषा माझ्या बंगालीची लांबची नातेवाईक. अर्धं कळे, अर्धं मी अंदाजाने भरून काढी. कागदपत्रांच्या चौकशीसाठी तिच्या आईला कुणीतरी नेलं होतं. कुणी, कुठे, कुणालाच सांगता येईना. आईचं नाव कळलं तर शोध घेता येणार होता. नाहीतर नूरला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात पाठवावं लागलं असतं, आणि मग मायलेकींची पुन्हा गाठ पडणं कठीण होतं. नूर मात्र आईचं नाव सांगायला तयार नव्हती. सदस्यांनी गोंजारून पाहिलं, बिस्किटं दिली, आईला आणू म्हणून वचनं दिली, मी हातापाया पडायची बाकी राहिले. पोरीने तोंड उघडलं नाही.

शेवटी ती बोलली, ती माझ्याशीच. शर्टातल्या हवालदाराकडे बोट दाखवून म्हणाली, “तो पोलीस आहे. बाहेर कपडे चढवताना मी पाहिलं. तू आतून काय आहेस?”

मी अक्कांना ते मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा असा गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. इतक्या मुलांसाठी टांगलेला तो शर्ट, आणि या पोरीला त्याच्यामुळे साध्या कपड्यांतलं प्रत्येक माणूस पोलीस वाटू लागलं होतं. अक्का हवालदाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, “अण्णा, शर्ट काढा.”

“आत्ताच तर घातला, मेडम,” हवालदार बावचळून म्हणाला. घाईने काढताना पोटावरचं बटण तुटलं आणि घरंगळत नूरच्या पायाशी गेलं. तिने ते उचलून मुठीत धरलं.

“हिला सांग,” अक्का मला म्हणाल्या, “हा पोलीस. मी पोलीस नाही, पण सरकारच. शर्ट घालायला मीच लावला. चुकलं माझं.”

नूरने विचारलं, “नाव सांगितलं तर आईला आणाल, की पकडाल?”

“गोत्तिल्ला,” अक्का म्हणाल्या. “शोधीन. तुमची भेट व्हावी म्हणून भांडेन. पुढे तिला कुठे ठेवतील, ते माझ्या हातात नाही.”

‘आणू गं, नक्की आणू’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. समोर दहा वर्षांचं पोर, आणि त्याला म्हणे खरं सांगायचं! पण अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या की मी शब्दाला शब्द सांगितला. नूरने बराच वेळ मूठ उघडली, मिटली. मग आईचं नाव सांगितलं. आम्ही सगळे वचनं देत होतो तेव्हा गप्प राहिलेली पोर या उत्तराला कशी बोलली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

आई याच शहरात, एका महिलागृहात निघाली. मुलगी सापडू नये म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं होतं, मला मूलबाळ नाही. भेट झाली तेव्हा तिने आधी नूरच्या पाठीत एक धपाटा घातला, “नाव का सांगितलंस?” आणि मग तिला छातीशी धरून अशी रडली की हवालदारसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मीही रडले. पण तो धपाटा काही माझ्या डोक्यातून जाईना.

मुलीला आईजवळ राहू द्या, असा आदेश अक्कांनी भांडून काढला. कागदांची चौकशी दुसऱ्या कचेरीत चालूच राहिली. काही महिन्यांनी अक्का मला घेऊन त्या वस्तीवर गेल्या, तर झोपड्याच नव्हत्या. कुणी म्हणे हैदराबादला गेले, कुणी म्हणे नेलं. अक्कांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. “गोत्तिल्ला, मेडम,” तो म्हणाला.

त्यानंतर शर्ट आतल्या खिळ्यावर आला. पोलिसाने खाकीत आत यायचं, मुलाला आपण कोण ते सांगायचं आणि त्याच्यासमोर शर्ट चढवायचा. हे नियमात बसतं का, मला शंका आहे. काही मुलं खाकी बघूनच रडत, काही शर्टाची ओढाताण बघून हसत.

मुदत संपल्यावर अक्का जयनगरच्या घरी बसल्या. मी गेले की कॉफी पुढे सरकवत विचारत, “पोरीचं काही कळलं?” आता ‘गोत्तिल्ला’ म्हणायची पाळी माझी असे. शर्टाला बटण लावून टाकू का, असं मी एकदा विचारलं, तर फटकन म्हणाल्या, “कशाला? पोर घेऊन गेलीय. आणून देईल, सरी? कळलं?”

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. परवा नव्या अध्यक्षबाईंनी शर्ट खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “बरं दिसत नाही हे. एक बटण लावून आणा ना. किती दिवस असा ठेवायचा?”

मी तो पुन्हा खिळ्यावर अडकवला.

“गोत्तिल्ला,” मी म्हणाले.