रेवदंडा ते दाभोळ, चार सायकली

हिवाळ्यात वाळल्या रानातून सायकल काढली की पँटच्या पायांना कुसळं चिकटतात. घरी येऊन उपटायला बसावं, तर एक निघेस्तोवर दोन नवी सापडतात. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. कुणी विचारतं, "कशी झाली कोकणची ट्रिप?" मी एकच गोष्ट सांगायचं ठरवते आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलत राहते.

ग्रुप म्हणजे चौघंच. रोज सकाळी हर्सूलच्या तलावाकडं सायकली घेऊन जाणारे. मी एका कॉलेजात लायब्ररियन. अण्णा त्रेसष्ट वर्षांचे, गंगापूरकडचे. ऊस आता मोठा मुलगा बघतो आणि अण्णा शहरात धाकट्याकडं राहतात. युसूफभाई जुन्या शहरात टेलर. आमच्या कॅरिअरला लटकवायच्या सगळ्या बॅगा त्यांनीच शिवल्या. आणि निता, बँकेत नोकरीला, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात वेगात. गेल्या जानेवारीत सायकली टेम्पोत घालून आम्ही रेवदंड्याला उतरलो आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून आठ दिवसांत दाभोळ गाठलं.

*

निघायच्या आधी महिनाभर दौलताबादच्या घाटात सराव चालला होता. अण्णांची सायकल काळी, चोवीस इंची, दांडीच्या ब्रेकची. आम्ही नवी घ्या म्हणून मागं लागलो, पण ते बधले नाहीत.

एकदा चढावर अण्णा सायकल हातात धरून निवांत चालले होते. मागून एक तरुण आला. हेल्मेट, काळा चष्मा, चकचकीत सायकल. अण्णांजवळ वेग कमी करून त्यानं विचारलं, "काका, गिअर किती आहेत हिला?"

"दोन," अण्णा म्हणाले. "एक बसून, एक उतरून."

तो पुढं गेला. तीन वळणं वर गेल्यावर दिसला, तेव्हा खाली उतरून सायकल ढकलत होता. अण्णा त्याच्या बाजूनं चालत पुढं गेले आणि जाता जाता म्हणाले, "टाकला का दुसरा?"

*

युसूफभाईंनी बावन्न वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. अण्णांनीही नव्हता, पण ते तसं कबूल करत नव्हते.

रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाच्या आतच गाव आहे. नारळीच्या वाड्या, घरं, आणि अधूनमधून पडक्या भिंती. देवगिरीच्या पायथ्याशी वाढलेली आम्ही माणसं, तट बघून दचकत नाही. पण एका भगदाडातून पलीकडं गेलो आणि समोर एकदम सगळं पाणीच.

युसूफभाईंनी चपला काढल्या आणि उभेच राहिले. बऱ्याच वेळानं बाहीनं डोळे पुसले. अण्णा मात्र सरळ पाण्यात गेले, ओंजळ भरली, चाखली आणि थुंकले.

"आमच्याकडं टँकर आला की बाया घागरी घेऊन पळत्यात," ते म्हणाले. "आन इथं हे एवढं. पिता येत नाय, उसाला देता येत नाय. मग राखलंय कशाला?"

युसूफभाई मान न वळवता म्हणाले, "देखने के वास्ते, अण्णा."

*

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथं काही घरांत पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक वेगळीच बोली बोलतात. शेजारच्या गावांनाही ती कळत नाही. युसूफभाई बाटलीत पाणी मागायला एका अंगणात गेले, तर एक म्हातारी शेजारणीशी तीच बोली बोलत होती. हे ऐकत उभे.

"अम्मा, ये कौनसी जबान है?"

"आमची," ती मराठीत म्हणाली. "तुमची कुठली?"

"हमारी दखनी."

"बोला बघू."

युसूफभाई बोलायला लागले. मग ती तिच्या बोलीत बोलायला लागली. आम्ही रस्त्यावर सायकली धरून दहा मिनिटं उभे. मध्येच दोघं हसले. मध्येच म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि युसूफभाईंनी "हौ, हौ" करत मान हलवली.

परत आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"एक लफ्ज समझ में नई आया, मॅडम," युसूफभाई म्हणाले. "पन बहू की शिकायतच थी."

*

अगरदांड्याहून खाडीपलीकडं दिघीला जायला मोठी बोट आहे. गाड्या, मोटरसायकली, माणसं, सगळं एकत्र जातं. घाटातल्या उतारावर ब्रेकला हात न लावणारी निता बोटीवर चढल्यापासून गप्प झाली. तिनं सायकल मधोमध उभी केली, तिच्यावर बसली आणि दोन्ही ब्रेक आवळून धरले.

"उतर की," मी म्हटलं. "सायकल कुठं पळून जात नाही."

"असू दे, ताई."

पलीकडच्या जेटीला बोट लागली. गाड्या उतरल्या. निता तशीच. बोटीवरचा माणूस जवळ येऊन समजुतीनं म्हणाला, "बाई, सोडा आता ब्रेक. पोचली बोट."

निता डोळे मिटून म्हणाली, "आधी दोरी बांधा."

*

दिवेआगरला ज्या घरी उतरलो, तिथल्या काकूंच्या हाताला चव होती. पण नारळ सढळ आणि तिखट बेतानं. अण्णा पहिल्या घासापासून अस्वस्थ. शेवटी त्यांनी अतिशय आदरानं विचारलं, "वैनी, समदं बेस झालंय. फकस्त एक इचारू का? मिरचीच्या घरात कुणाचं सुतक हाय का?"

काकू हसल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणून आत गेल्या. मला वाटलं, बाई दुखावल्या. रात्री अण्णांनाही वाटलं असावं, कारण सकाळी उठून त्यांनी न सांगता अंगणातल्या झाडांना पाणी घातलं.

नाश्त्याला घावनं होती आणि अण्णांच्या पुढ्यात लाल चटणीची एक वाटी. अण्णांनी खुशीत मोठा घास घेतला. मग पाण्याचा तांब्या उचलला. मग दुसरा उचलला. गंगापूरचा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "फिटलं हो सुतक."

*

केळशीहून आंजर्ल्याकडं जाताना रस्ता सारखा वर जातो आणि खाली येतो. एका लांब उताराच्या सुरुवातीलाच अण्णांच्या ब्रेकचे रबर झिजून गेल्याचं लक्षात आलं. मागचा ब्रेक लागेना, पुढचा नुसता किरकिरायचा. तसले रबर कोकणात त्या वाटेवर मिळणार कुठं? युसूफभाई म्हणाले, चालत उतरू. अण्णांना ते पटेना. चढाला चालायचं आणि उतारालाही चालायचं, मग सायकल आणली कशाला?

"माझा बाप बैलगाडी उताराला लागली की मागं ओंडका बांधायचा," ते म्हणाले.

ओंडका नव्हता. रस्त्याकडेला नारळाची भली मोठी वाळकी झावळी पडली होती. अण्णांनी ती कॅरिअरला सुतळीनं बांधली आणि बसले. आम्ही तिघं जीव मुठीत धरून मागं. पण झावळी खरखरत घासत राहिली आणि सायकल बैलगाडीच्याच चालीनं खाली उतरली. मागं रस्ता स्वच्छ.

खाली पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि अण्णांना हाक मारली, "पंचायतीनं पाठवलंन का तुम्हाला? मग एवढं आमच्या दारातलं पण झाडून जा."

अण्णा उतरले आणि ती झावळी सोडून खरंच त्यांचं दार झाडून आले.

*

शेवटच्या दिवशी दाभोळच्या अलीकडं आम्ही चुकलो. मोबाइलवर जवळचा रस्ता दिसला, तो धरला. थोड्या वेळानं डांबर संपलं, मग खडी संपली आणि आम्ही डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर आलो. झाड नाही, घर नाही, मोबाइलला रेंज नाही. भर दुपार. पाणी संपलेलं. युसूफभाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ते खडकावर आडवे झाले. ओठ पांढरे पडले होते. अण्णा त्यांच्या डोक्यावर टॉवेल धरून उभे राहिले. 

लांब कुठंतरी एक घंटी वाजल्यासारखं झालं.

नितानं कान दिला. मग ती कातळाच्या कडेला गेली आणि तिनं हाक दिली. घशातून, जीभ टाळ्याला लावून, लांबलचक. असला आवाज तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. निता धनगराची, वैजापूरकडची, एवढं माहीत होतं. त्यापलीकडं ती कधी काही सांगायची नाही.

तिनं तीनदा हाक दिली. खालच्या झुडपांतून एक शेळी वर आली. मग पाच. मग तीस-चाळीस शेळ्या धावत आल्या आणि नितासभोवती गोळा झाल्या. त्यांच्या मागून धापा टाकत, हातात काठी घेऊन एक म्हातारा आला. चांगलाच चिडलेला.

"कोणी हाक मारलान माझ्या शेळ्यांना?"

आम्ही निताकडं पाहिलं.

"मी," ती म्हणाली. "पाणी पाहिजे होतं, बाबा."

म्हाताऱ्यानं तिचं हेल्मेट पाहिलं, चष्मा पाहिला. मग आडवे झालेले युसूफभाई पाहिले आणि काठी खाली ठेवली. त्याच्याकडच्या बाटलीतलं पाणी युसूफभाईंना घोटघोट पाजलं, पोटऱ्या चोळल्या आणि अर्ध्या तासानं आम्हाला झऱ्यावर नेलं. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत आला. वाटेत तो एकट्या निताशी बोलत होता.

"बाप काय करतो?"

"मेंढरं होती. सहा वर्षं झाली आबांना जाऊन."

रस्त्यावर आम्ही सायकलींवर बसलो. युसूफभाईंनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात धरले. निघालो, तर सगळ्या शेळ्या निताच्या सायकलीमागं.

"आता तूच सांग त्यांना माघारी फिरायला," म्हातारा हसत म्हणाला.

निता पाय टेकून थांबली. "ती हाक मला येत नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी मेंढरांना घरी बोलवायचं काम माझं होतं. सकाळी आबा त्यांना रानाकडं हाकायचे, तेव्हा मी शाळेत असायची."

म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली. मग त्यानं तोंडाशी हात नेला आणि हाक दिली. आखूड, खालच्या पट्टीतली. शेळ्यांनी माना वळवल्या आणि एकेक करत त्या कातळाकडं परत निघाल्या. शेवटची शेळीही वळली. रस्ता मोकळा झाला.

निता तिथंच उभी होती.

"अजून एकदा द्या," ती म्हणाली.