सोमवार सोडला

आमच्या भागात बाई बारीक झाली की लोक आधी तिच्या सासूकडे बघतात. घरात खायला घालत नसतील, नाहीतर आतून काही दुखणं असेल. तिसरं कारण कुणाला सुचतच नाही. म्हणून वजन उतरवायचं ठरवलं तेव्हा तसं उघड म्हणायची सोय नव्हती. मी सरळ देवाला मध्ये घातलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' रंगवणं चाललं होतं. गल्लीत साहेब लोकांची बिऱ्हाडं आली आणि त्यांच्या शिडशिडीत बायका आल्या. तोवर भरलेला दंड आणि हातात रुतलेल्या बांगड्या म्हणजे खात्यापित्या घरची सून. जिल्हा झाला आणि मी लठ्ठ ठरले. हळदीकुंकवाला त्यांतल्या एकीनं मला लाडीगोडीनं विचारलं, "वहिनी, कितवा महिना?" महिना कुठलाच नव्हता. मी तिच्या हातावरचं वाण काढून घेतलं नाही एवढंच.

पुढच्या रविवारी बाजार बंद असताना मी नवऱ्याच्या अडत दुकानात गेले आणि पोती मोजायच्या काट्यावर उभी राहिले. त्र्याऐंशी किलो. "तुरीच्या पोत्याला सतरा कमी," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

सोमवार आमच्या घरात होताच, आम्ही लिंगायत, महादेवाची माणसं. त्याला मी गुरुवार जोडला, मग शनिवार, मग प्रदोष, मग दोन्ही चतुर्थ्या. एकादशी आमच्या घराण्यात कुणी धरत नाही, तीही मी उचलली. साबुदाणा नाही, भगर नाही, नुसता चहा आणि पाणी. जेवण कमी केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. उपवासाला मात्र कुणाची हरकत नव्हती, उलट मान होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई मठात चार बायकांना सांगायच्या, "आमची सून लई कडक हाय." दीड वर्षात काटा चौसष्टवर आला. नवऱ्याचं हसू बंद झालं.

उतरवणं जमलं. ते तसंच ठेवणं माझ्या हातून होईना.

उपवास सोडायचा तो दिवे लागल्यावर. सगळ्यांबरोबर वरणभात, भाकरी, भाजी असं रीतसर जेवण व्हायचं. मग मंडळी ओसरीवर जाऊन बसली की मी कोठीच्या खोलीत जायची. तिथं शेंगाच्या पोळ्यांचा डबा असायचा. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून केलेल्या या पोळ्या पंधरा दिवस टिकतात, त्यामुळे आमच्याकडे तो डबा भरलेलाच. मी उभ्याउभ्या एक खायची, मग दुसरी, मग सहावी. चव दुसऱ्या पोळीलाच संपलेली असायची. पोळ्या झाल्या की गुळाचा खडा, मग मूठभर शेंगदाणे, मग तुपात साखर. पोटात कळ येईपर्यंत, श्वास लागेपर्यंत खायची. ती भूक नव्हती. माझा हात माझं ऐकत नव्हता, आणि मी बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होते. याला काही नाव असेल हे तेव्हा माहीत नव्हतं. मला खादाड हा एकच शब्द ठाऊक होता आणि तो मी स्वतःला रोज म्हणायची.

दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून जादा उपवास. त्या उपवासाच्या संध्याकाळी पुन्हा डबा.

वर दुष्काळ. पाऊस सलग दगा देत होता, टँकर येईल तेव्हा येईल, घरात तांब्या तांब्या मोजून पाणी वापरायचं. अशा घरात एक जादा खरकटं ताट लपत नाही. म्हणून मी ताट घेतच नव्हते, डब्यातूनच खायची. हात धुवायचा तर तांब्याचा आवाज होतो, म्हणून पदराच्या आतल्या बाजूला पुसायची. माझ्या सगळ्या लुगड्यांना तेला-गुळाचा वास येत होता.

एकदा आत्याबाईंनी डबा उघडला आणि पोळ्या निम्म्यावर आलेल्या. माझी पाच वर्षांची लेक समोर होती. तिला त्यांनी एक चापट ठेवून दिली. "मी न्हाई खाल्ल्या," म्हणून पोर रडत होती आणि मी कणीक मळत होते. मळत राहिले. सोमवार होता, माझ्या तोंडात दिवसभर घास नव्हता आणि बायका मला सती म्हणत होत्या. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते, आणि ती मी कमी करून सांगणार नाही.

मला हवं ते एवढंच होतं: उतरलेलं वजन परत चढू द्यायचं नाही आणि त्या डब्यापासून सुटायचं. दोन्ही एकदम होत नव्हतं. मी आणखी एक वार शोधत होते.

तेवढ्यात मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. माहेर जळकोटकडचं खेडं, दवाखाना नांदेडला. आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उताणं पडून राहायचं, सोबतीला मी. दवाखान्याच्या आवारात बाकीच्या बायकांसारखा मीही स्टोव्ह मांडला. खिचडी, पिठलं, मऊ भाकरी करायची आणि मायला भरवायची.

पहिलाच दिवस सोमवार. माय म्हणाली, "तू बी बस. एकटीला घास उतरत न्हाई मला."

"बसले की."

"बसलीस. खाऊन न्हाई राहिलीस. तुझं तोंड वाजंना."

मी चमचा ताटलीवर वाजवला. तिनं हात लांब करून माझी ताटली चाचपली. कोरडी ठणठणीत.

"सोमवार हाय माय आज."

तिनं माझी ताटली सोडली. मला वाटलं, सुटले. मग पट्टीखालून म्हणाली, "भात्तर साली मी रोज उपास धरायचे. ध्यानात हाय तुझ्या?"

होतं की. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊदहा वर्षांची होते. माय खडी फोडायला जायची, आणि संध्याकाळी आम्हाला रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी वाढून म्हणायची, मला उपास हाय. माय फार देवभोळी आहे असं मी शाळेतही सांगितलं होतं.

"त्यातला देवाचा एक बी नव्हता," माय म्हणाली. "भाकरी चार, खाणारे सा. उपास म्हनलं की कुणी इचारत न्हाई. तुझ्या घरात तर ज्वारी हाय. तू कुणासाठी उपाशी राहून राहिलीस?"

मग तिनं पुढं सांगितलं, आवाज खाली आणून, शेजारच्या खाटेवरच्या बाईला जाऊ नये असा.

"म्होरल्या साली पिकलं. नवी ज्वारी घरात आली त्या दिवशी मी चुलीपाशी बसले अन् नऊ भाकरी खाल्ल्या. तव्यावरनं उतरली की तोंडात. कालवण न्हाई, मीठ न्हाई. थांबताच येईना. तुझा बाप आला तर टोपल्यात काय बी न्हाई. कुत्र्यानं नेल्या म्हनलं मी. त्यानं त्या कुत्र्याला लई हाणलं."

नऊ भाकरी. माझी माय, जी आजही सगळ्यांच्या मागून जेवते. मी रडले ते तिला दिसलं नाही पण ऐकू गेलं असणार. मग मीही सांगितलं. डबा, पदर, लेकीला बसलेली चापट, सगळं. मला वाटलं ती शिव्या देईल.

"मंग जेव की येळेवर," ती म्हणाली. "त्यात काय यवढं."

त्याच सोमवारी दुपारी एक वाजता मी खिचडी खाल्ली. आठ दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ खाल्लं, कारण माय ताटली चाचपल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मधेच गावाकडचं कुणी भेटायला आलं आणि पेढ्यांचा पुडा ठेवून गेलं. चौथ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मला आठवण झाली की इथं पेढे होते. मी त्या मुंग्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. माझ्या उशापाशी अर्धा किलो पेढे तीन दिवस पडून होते आणि मला माहीत नव्हतं!

लातूरला परत आले त्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊला मी भाकरी आणि मुगाचं वरण ताटात घेतलं आणि स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या वाटेवर बसले. आत्याबाई पूजा आटपून आल्या.

"अगं, आज वार काय?"

"सोमवार सोडला मी."

"सकाळीच? दिवे लागल्यावर सोडत्यात सोमवार."

"तो नाही आत्याबाई. सोमवारच सोडला. गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, सगळे सोडले."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. धरलेलं व्रत असं सोडता येत नाही, उद्यापन करावं लागतं, पाच जंगम स्वामी जेवू घालावे लागतात, पिढ्यांना लागतं, असं बरंच झालं. मी म्हणाले, मी व्रत धरलंच नव्हतं, वजन उतरवत होते, महादेवाला उगीच साक्षीला उभं केलं होतं. त्याची माफी मी मागून घेतली आहे. आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आत्याबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. टँकरच्या रांगेत एक शेजारीण मला ऐकवून म्हणाली, सुना वार मोडून राहिल्या, मग पाऊस पडंल कसा? मी म्हणाले, "मी दीड वर्ष उपाशी होते तेव्हा किती पडला?" रांगेतल्या दोघीचौघी हसल्या, ती तोंड फिरवून उभी राहिली.

काटा चौसष्टवरून सरकला. सहासष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. रात्र रात्र जिवाला घोर. मग तो एकोणसत्तरावर थांबला आणि दर रविवारी तिथंच थांबायला लागला. "पुन्हा भरलात हो वहिनी," हळदीकुंकवाची ती साहेबीण म्हणाली. भरले तर भरले. तिच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून मी आता कोठीत उभी राहणार नव्हते.

आणि तरी एकदा उभी राहिले. टँकर दुपारचा म्हणून येणार होता तो सांजेला आला. सकाळपासून पोटात काही नाही, चार घागरी ओढून आणल्या, आणि पाय आपोआप कोठीकडे गेले. सात पोळ्या. उभ्याउभ्या, डब्यातूनच, पूर्वीसारख्या. मला वाटलं, संपलं. हे असंच राहणार.

सकाळी आत्याबाई डबा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "कुणी खाल्ल्या?"

"मी. सात खाल्ल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला, आणि आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती. "मंग आज तरी उपाशी ऱ्हा बाई. पोटाला बरं वाटंल. वजन बी चढायचं न्हाई."

माझ्या मनात तेच चाललं होतं. अगदी तेच, त्याच शब्दांत, पहाटेपासून. एकच दिवस, कुणालाही चालला असता. पोट अजून जड होतं, भूक नावाला नव्हती.

"नाही आत्याबाई," मी म्हणाले, "आज तर जेवणारच." आणि ताट घेऊन बसले.