गार्डच्या डब्याचं चाक

हातोडी चाकावर पडली की आबा डोळे मिटायचे. मान जराशी डावीकडे कलायची, ओठ आवळले जायचे, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत मध्येच कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मग डोळे उघडून एकच शब्द, "हाय." म्हणजे चाक ठीक आहे.

भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, एका मीठ कंपनीचं आवार होतं. मिठागरातून मीठ आणायला कंपनीची स्वतःची छोटी रेल्वे होती. ती बंद पडली तेव्हा मालकांनी हौसेने वाफेचं एक इंजिन, मिठाच्या तीन वाघिणी आणि गार्डचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये जपून ठेवला. नव्वदच्या आसपास त्यांनी ठरवलं, की हे सगळं रंगवून घ्यायचं आणि सुटीच्या दिवशी मुलांना आवारातल्या रुळांवरून फिरवून आणायचं. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, नुकताच लालबागहून इथे राहायला आलो होतो. वाघिणींवरची जुनी अक्षरं पुन्हा रंगवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी ब्रश घेऊन जायचो, तर आबा आधीच आलेले असायचे.

ते जुन्या भाईंदरातल्या कोळ्यांपैकी. घरची होडी भावांवर सोडून उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या रेल्वेची चाकं तपासण्यात घालवली होती. आता कुणी बोलावत नव्हतं, तरी यायचे.

"चांगलं चाक देवलाच्या घंटेवानी वाजतं, मास्तर. तडा गेलेलं मडक्यावानी. डोल्यांना न्हाय दिसत ते कानाला दिसतं."

इंजिनाशी त्यांची थट्टा चाले. मी रंगाचा दुसरा हात दिला की म्हणायचे, "बाय, लय जाडी झालीस." एकदा मी वाघिणीवरचा सात हा आकडा जरा वळणदार काढला. आबांनी तो लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि विचारलं, "मीठ भरायचं हाय का वरात न्यायची हाय?"

गार्डच्या डब्यापाशी मात्र ते बदलायचे. मागच्या डाव्या चाकावर तीनदा, चारदा हातोडी मारायचे. डोळे मिटलेलेच राहायचे. त्या चाकाला त्यांनी "हाय" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मुलं गार्डच्या डब्यातही बसतील, असं मालक म्हणाले त्या दिवशी आबा डब्याच्या पायरीसमोर वाट अडवून उभे राहिले.

"यात पोरं बसवायची न्हाय."

"अहो आबा, दोन फिटर येऊन तपासून गेलेत."

"कानानं तपासलाय का?"

मालक हसले आणि निघून गेले. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. आबा रुळावर बसले आणि हातोडीकडे बघत बोलू लागले. फार वर्षांपूर्वी एका सकाळी याच चाकाचा आवाज फुटका आला होता. गाडीला उशीर झालेला, मुकादम ओरडत होता. आबांनी चाकावर खडूने बरोबरची खूण केली आणि गाडी सोडली. खाडीच्या बांधावर डबा कलंडला. डब्यात गार्ड म्हणून त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता, तो वाचला नाही.

"बांध खचला असं लिवलं चौकशीत. मी काय बोललो न्हाय."

"आणि घरी?"

"घरी पन न्हाय."

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो. अक्षरं रंगवताना जुना रंग खरवडायची मला सवय होती. त्या डाव्या चाकाच्या आसाचं टोक खरवडलं तर खाली धातूत ठोकलेलं बनावटीचं साल निघालं. आबांनी अपघाताचं साल सांगितलं होतं, हे त्याच्या नंतरचं होतं. माझा आनंद मावेना. आबा येताच मी त्यांचा हात धरून तिथे नेलं.

"आबा, हे ते चाक नाहीच! डबा दुरुस्तीला गेला तेव्हा आसासकट बदललंय. बघा हे साल."

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मला वाटलं, आता यांना रडू येईल, ओझं उतरेल.

"मंग ते चाक कुठं गेलं?" आबांनी विचारलं.

त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत. मुलांच्या फेऱ्या सुरू झाल्या, गार्डच्या डब्यातून पोरं हात हलवू लागली. मला आबा दिसले ते काशीगावच्या भंगारवाल्यांकडे, हातात पिशवी, पिशवीत हातोडी. एक भंगारवाला मला म्हणाला, "मास्टरजी, ये चाचा वरसावे तक सब दुकानें घूमते हैं. लोहा खरीदते नहीं, बस बजाते हैं." त्या दिवशी वर्गात मला धड शिकवता आलं नाही. निदान त्या शेडमध्ये त्यांची भीती एका जागी उभी तरी होती. मी तिला गावभर सोडून दिलं होतं.

एका सकाळी ते शाळेच्या फाटकाशी आले. "गावलं," म्हणाले. "बायकोला दावायचं हाय. तू संगं चल. एकटा असलो तर जीब उचलनार न्हाय."

आबा, त्यांची बायको आणि मी, आम्ही तिघं रिक्षाने काशीगावला गेलो. भंगाराच्या ढिगामागे एक गंजलेलं चाक अर्धं चिखलात रुतलं होतं. आबांनी हातोडी मारली. खरं सांगतो, मला तो आवाज कुठल्याही गंजक्या लोखंडासारखाच वाटला. पण आबांनी दुसऱ्यांदा हातोडी मारली नाही. तिथेच उभ्याने त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, उशीर, मुकादम, खडू, सगळं. ती पदराचं टोक मुठीत धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "ऊन झालंय. चला घरी." परतताना रिक्षात ती मध्ये बसली, आणि हातोडीची पिशवी तिने आबांच्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

पुढच्या थंडीत आबा गेले, झोपेतच. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको ओट्यावर एकटीच होती. इतके दिवस मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं, "आजी, मी त्यांना ते साल दाखवायला नको होतं."

तिने सरकून मला बसायला जागा केली.

"आमचं लगीन झालं नि लगेच माझा भाव गेला, तवापासून ते या घरात पाव्हन्यावानी राहिले," ती म्हणाली. "जेवायचे, निजायचे. मला वाटायचं, मीच नकोशी झाली. त्या भंगारवाल्याकडून आलो नि बोलायला लागले. माझ्या भावाचं बोलायचे. दोघं होडीतनं कुठं जायचे, काय खायचे, मला ठावं नसलेलं पन." तिने बोटांवर महिने मोजले. "लोक म्हनतात, चालीस वर्सांचा संसार झाला. आठ महिने झाला, मास्तर. पन झाला."